काही नही शे

माझ्या भावाला गावात आता 'काही नही आबा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत कुणी. पण तो पारावरून पुढं गेला की मागून एखादा विचारतो, "आज काय शे?" आणि दुसरा म्हणतो, "काही नही शे." मग हसतात. भाऊ आपला चालत राहतो. त्याला कमी ऐकू येतं असं वहिनी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. त्याला चांगलं ऐकू येतं.

हे नाव त्याला कसं पडलं ते मला लिहायचं आहे. पण आमच्याकडं या दोन शब्दांची तऱ्हा काय आहे, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं काही ध्यानात येणार नाही.

आमचं गाव दोंडाईच्याच्या अलीकडं, बोली अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. तिथं पाहुणा दारात आला आणि म्हणाला, "काय रांधं आज?" तर माझी आई म्हणायची, "काही नही, भाकर न ठेचा." मग ताट वाढलं की त्यात भरीत असायचं, कढी असायची, तव्यावरून उतरलेली गरम भाकर असायची. वाटेत पाटी घेऊन चाललेल्या बाईला कुणी विचारलं, "पाटीत काय लई चालनी?" तर "काही नही." पाटीत पोरीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू असले तरी उत्तर तेच. आपलं आहे ते मिरवायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ.

आणि कागदवाला आला तर मग विचारूच नका. जीपमधून उतरलेला, हातात कागद असलेला कुणीही आमच्याकडं कागदवाला. वडील आम्हा भावंडांना सांगायचे, "कागदवाला उना का त्याले सांगानं, काही नही शे." कारण गवत आहे म्हटलं तर गवताचा लिलाव व्हायचा. झाड आहे म्हटलं तर झाडावर डांबरानं नंबर पडायचा, आणि नंबर पडला की त्याची फांदी तोडली तरी गुन्हा. ढोरं आहेत म्हटलं तर ढोरं कोंडवाड्यात. म्हणून काही नाही. आम्ही याला खोटं बोलणं मानत नव्हतो. दाराला कडी घालावी तसं ते होतं.

गावाच्या मागं नाल्यापर्यंत माळ होता. कागदावर गायरान, मालक सरकार. तिथं कुणी कधी काही पेरलं नाही आणि लावलंही नाही. तरी काय नव्हतं तिथं? अंजनाची झाडं होती, हिवर होते, बोरीची जाळी, तरवड. पाऊस पडून गेला की पवन्या नि मारवेल गवत कमरेला लागायचं. दिवाळीनंतर बाया विळे घेऊन जायच्या. हिवराच्या शेंगा बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून खायच्या. आणि चैत्रात, सगळीकडं भाजून निघालेलं असताना, अंजनाला कोवळा पाला यायचा. गावातली ढोरं त्यावर वैशाख काढायची. भावाची कोरडवाहू जमीन थोडकी. त्याचं खरं शेत म्हणजे हा माळ. गायी, बकऱ्या, दूध, शेणखत, सगळं तिथून. सकाळी तो ढोरं घेऊन जायचा तो दिवस मावळताना यायचा. माणसांपेक्षा माळाशी त्याचं बोलणं जास्त, असं वहिनी म्हणायची.

मी लग्न होऊन धुळ्याला आले. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्या सोडून सोडून झालं, ते आजही चालू आहे. माझे मालक वारल्यावर घराची वरची खोली मी कॉलेजच्या नि नोकरीच्या पोरींना भाड्यानं द्यायला लागले. तिथंच ती आली. रावेरकडची, केळीवाल्या घरची. कानात बारीक रिंगा, पाठीला कॉम्प्युटरची पिशवी. पहिल्याच दिवशी जिन्यावरून ओरडली, "अक्का, काय करू राह्यली वं?" मी म्हटलं, ही इथं टिकणार.

ती भूगोल शिकलेली. एका ठेकेदाराच्या ऑफिसात नोकरीला लागली होती आणि त्यांना सरकारी काम मिळालेलं. तालुक्यातली झाडंझुडपं, पिकं, जंगल कुठं काय आहे, त्याचा नकाशा करायचा. उपग्रहानं वरून फोटो काढलेले असतात, त्यावरून. वरच्या खोलीचे पत्रे तापायचे, म्हणून ती कॉम्प्युटर खाली माझ्या टेबलावर आणायची. मी शेंगा सोलत समोर बसायची. अशी मी हे सगळं शिकले.

पहिल्यांदा तिनं फोटो उघडला तेव्हा मी दचकले. सगळं लालभडक.

"अगं, हे काय? आग लागली का कुठं?"

"आग नाही अक्का. लाल म्हणजे हिरवं. झाडं जो उजेड परत फेकतात ना, त्यातला एक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. उपग्रहाला दिसतो. त्याला लाल रंग द्यायची पद्धत आहे. जितकं जास्त लाल, तितकं जास्त हिरवं."

"मग हिरवं असेल ते?"

"ते वेगळं काहीतरी असतं."

"म्हणजे तुमच्यात सगळं उलटं."

तिनं तिच्या गावाकडचा भाग दाखवला. केळीच केळी. कुंकवाचा करंडा उपडा करावा तसं लाल, बारा महिने. मग मी म्हटलं, माझं माहेर दाखव. तिनं बोटानं सरकवत सरकवत आणलं. नाला ओळखला मी. देवळाजवळचं वळण ओळखलं. आणि त्याच्या मागं, जिथं माळ हवा, तिथं राखाडी. चुलीतली राख सारवल्यासारखं.

"हे तुझं चुकलं," मी म्हटलं. "इथं अंजनाचं बन आहे."

"फोटो शिमग्याच्या सुमाराचा आहे अक्का."

मग मला समजलं. शिमग्याला अंजन पूर्ण झडलेला असतो. गवत कापून झालेलं, उरलेलं वाळून गेलेलं. आणखी पंधरावीस दिवसांनी पालवी फुटते.

"मग पावसाळ्यातला घे ना फोटो."

"पावसाळ्यात ढग असतात. वरून ढगच दिसतात."

हे माझ्या मनात फार दिवस राहिलं. माळ जेव्हा हिरवा असतो तेव्हा वरच्याला दिसत नाही, आणि वरच्याला दिसतं तेव्हा माळ झडलेला असतो.

पण ती म्हणाली, घाबरू नका, आम्ही प्रत्यक्ष जाऊनही बघतो. ठिकठिकाणी उभं राहून फोनमध्ये ठिकाण नोंदवायचं आणि तिथं काय आहे ते लिहायचं. मग कॉम्प्युटरला ते नमुने दाखवायचे. ही कपाशी, ही बाभूळ, हे नुसतं ढेकूळ. त्यावरून बाकीचं तो आपलं आपण ओळखतो. मला ते तांदूळ निवडण्यासारखं वाटलं. सुनेला एकदा खडा कसा असतो ते दाखवलं की पुढचं सूप ती एकटी निवडते. फक्त पहिला खडा नीट दाखवला पाहिजे.

त्या फेरीत आमच्या गावचा माळ होता. तिला अहिराणी फार कळत नव्हती. म्हणाली, अक्का, चला. मी लगेच निघाले. जीपमधून माहेरी जायला कुणाला आवडणार नाही?

माळाच्या कडेला जीप थांबली. पोरगी उडी मारून उतरली. मला गुडघ्यांमुळं वेळ लागला. भाऊ समोरच काठी टेकून उभा होता, मागं त्याच्या गायी, बकऱ्या. त्यानं जीप बघितली, फोन वर धरलेली पोरगी बघितली, ड्रायव्हरच्या हातातली कागदाची गुंडाळी बघितली. मी अजून आतच होते.

"नमस्कार आबा. इथं काय आहे?"

"काही नही शे," भाऊ म्हणाला.

"काहीच नाही? गवत वगैरे?"

"गवत कसानं? बठ्ठं जळी गये. काही नही शे बेटा आठे."

ड्रायव्हर हसायला लागला. "मग आबा, या बकऱ्या काय वारा खातात?"

भावानं मागं वळून अशा काही नवलानं आपल्याच बकऱ्यांकडं बघितलं, की काय सांगू. म्हणाला, "कोन्या शेतस, माले काय माहीत!"

तेवढ्यात गावातला एक जण मोटारसायकलवरून जाताना थांबला होता. त्यानंही हे ऐकलं. हसत हसत गेला निघून. तो तसाच गेला नसता तर बरं झालं असतं.

कारण मग मी उतरले. म्हटलं, "भाऊ, मी शे! हाई मनी पोरगी शे, मन्या घर ऱ्हास."

त्याचा चेहरा उतरला, मग एकदम खुलला. "तू शे का! आधी सांगानं ना!" आणि मग त्या पोरीला त्यानं सगळा माळ हिंडवला. ऊन डोक्यावर आलं तरी सोडेना. कुठला अंजन त्याच्या लहानपणी केवढा होता, कुठल्या बोरीला गोड बोरं, कुठं मारवेल नि कुठं नुसती कुसळी. ती म्हणे, "आबा, हळू, लिहू तर द्या." तिनं आधीचं 'काही नाही' माझ्यादेखत पुसलं आणि सगळं नवं लिहिलं. वहिनीच्या हातची भाकर नि वांग्याची भाजी खाऊन आम्ही परत निघालो, तेव्हा भाऊ जीपच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "लिख ना बरोबर?"

"लिहिलं आबा. सगळं लिहिलं."

पुसलं होतं, हे ध्यानात ठेवा. पुढं मी ते किती जणांना सांगितलं, त्याची गणती नाही.

मग एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली आणि जेवायला बसली नाही. कॉम्प्युटर उघडून नुसती बघत राहिली. मी मागं जाऊन उभी राहिले. नकाशा पुरा झाला होता. पिकांना एक रंग, जंगलाला एक, पाण्याला निळा, वस्तीला लाल. आणि आमच्या माळाला फिकट खाकी.

"खाकी म्हणजे काय?"

"पडीक."

"तू तर लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं अक्का. पण गवताला रकाना नाही. जंगल म्हणावं तर झाडं विरळ पडतात. पीक नाही. तर मग राहिलं ते सगळं झुडपी पडीक. मी साहेबांना म्हटलं, वेगळा रकाना करू या, गवताळ माळ म्हणून. ते म्हणाले, रकाने वरून ठरून येतात. जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे झाले तर जुळायचे कसे?"

माझ्या डोळ्यांपुढं मिसळणाचा डबा आला. वाट्या ठरलेल्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट. ओव्याला वाटी नाही, म्हणून ओवा जिऱ्याच्या वाटीत. आणि मग कुणी विचारलं घरात ओवा आहे का, तर नाही.

"पण झुडपी तरी लिहिलंय ना?" मी म्हटलं.

"छापताना तेही जातं. मोठ्या नकाशावर सगळे पडीक एकच."

मी तिला दूधभात कालवून दिला. तिनं थोडा खाल्ला. पुढं काही महिन्यांनी तिला पुण्याला नोकरी लागली, ती गेली. जाताना माझ्या फोनमध्ये तिनं तो उपग्रहाचा नकाशा घालून दिला. आठवण आली की माहेर बघा म्हणाली.

पुढच्या वर्षी वहिनीचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडलेला. ग्रामसभा झाली होती. माळ सौर पॅनेलच्या प्रकल्पाला दिला म्हणून पत्र आलं होतं आणि ग्रामसेवकानं ते वाचून दाखवलं. पत्रात होतं की हे क्षेत्र पडीक असून त्यावरचं वनस्पतींचं आच्छादन नगण्य आहे.

"नगण्य म्हंजे काय?" कुणीतरी विचारलं.

ग्रामसेवक आमच्याकडचाच माणूस. लोकांना समजावं म्हणून त्यानं अहिराणीत सांगितलं, "नगण्य म्हंजे काही नही."

आणि मग तो मोटारसायकलवाला उभा राहिला. "हाई ते आबानीच सांगेल शे! मन्या कानवरी ऐकेल शे मी. जीपवाली पोरले सांगं, काही नही शे, काही नही शे!"

सगळ्यांनी भावाकडं बघितलं. कुणीतरी विचारलं, "आबा, सांगं व्हतं का?"

भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "हा. सांगं व्हतं."

एवढंच म्हणाला तो. पुढचं, की नंतर खरं काय ते सगळं दाखवलं, लिहून घेतलं, ते बोलायच्या आत लोक उठले होते.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. भाऊ खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मी त्याला परत परत समजावलं. ते पुसलं होतं रे. तुझा बोल कुठंच गेला नाही. रकान्याची गोष्ट सांगितली, शिमग्याच्या फोटोची सांगितली, ढगांची सांगितली. वहिनीचा मिसळणाचा डबा आणून दाखवला. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू मनी बहीण शे, म्हनीसन सांगस."

मी पारावर जाऊनही बोलले. बाईमाणूस पारावर जात नाही आमच्याकडं, पण या वयात कोण काय म्हणणार? त्यांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "अक्का, ती पोर तुन्याच संगे उनती ना?"

पोरीला फोन केला. ती बिचारी रजा टाकून आली. येताना तिनं एक काम केलं होतं. ढगांतून कधीतरी एखादा दिवस मोकळा सापडतो. नवरात्राच्या आसपासचा असा एक फोटो तिनं शोधून काढला, मोठा छापून आणला. टेबलावर पसरला आणि मी बघतच राहिले. आमचा माळ लाल होता. नाल्यापासून देवळापर्यंत लाल. तिच्या केळीच्या मळ्यांइतका नाही, पण लाल.

भावाला मी धुळ्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं तो कागद मांडीवर घेतला. बोट ठेवून म्हणाला, "हाई जाळी. हाई नाला. आठे मी बसस." सारखा हात फिरवत होता कागदावरून.

तो घेऊन आम्ही तिघं कलेक्टरच्या ऑफिसात गेलो. बराच वेळ बाकावर बसवलं, मग साहेबानं आत घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. त्यानं कागद खिडकीजवळ नेऊन नीट बघितला. पोरीला दोनचार गोष्टी विचारल्या, तिनं सांगितल्या. म्हणाला, "काम चांगलं आहे तुमचं. पण मंजूर नकाशा तो आहे."

"साहेब, तिथं ढोरं चरतात," मी म्हटलं. "ते पडीक नाही."

"मावशी, पडीक म्हणजे वाईट जमीन असं नाही. पडीक म्हणजे आमच्या दृष्टीनं उपलब्ध."

मग भाऊ उठला. टोपी हातात घेतली. त्याला शुद्ध बोलायचं होतं, ते जमेना. "साहेब, मी खोटं सांगं व्हतं त्या दिवशी. ते मन्हं बोलणं मागं घ्या. तठे बठ्ठं शे."

साहेबाला काही समजेना. मी सांगितलं, तिथं सगळं आहे म्हणतोय तो, असं असं झालं, गाव याला बोल लावतं. त्या माणसाला खरंच वाईट वाटलं. त्यानं आपल्या खुर्चीवरून उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यात तुमचं म्हणणं कुठंच नाही. तुम्ही काही नाही म्हणाला असता, काय वाट्टेल ते आहे म्हणाला असता, तरी हेच झालं असतं."

धीर द्यायला म्हणाला तो. पण भाऊ तिथून बाहेर आला तो पार मोडून आला. जिन्यावर बसला. पोरगी पाण्याची बाटली पुढं करत होती, त्याला दिसतच नव्हती. मला वाटतं, आपल्या एका बोलण्यानं माळ गेला, हे तो कसंबसं सोसत होता. निदान त्याच्या बोलण्याला तेवढं वजन तरी होतं. ते वजनही तिथं काढून घेतलं. आणि तरीही, गंमत बघा, गावात आल्यावर तो परत तेच म्हणायला लागला, मीच सांगं, मीच सांगं. साहेब म्हणाला ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी तारेचं कुंपण पडलं. मग यंत्रं आली. अंजनाचं लाकूड फार चिवट, करवती जायच्या म्हणे. बरेच दिवस तो आवाज चालला. वहिनी सांगायची की त्या दिवसांत भाऊ घरात बसायचा आणि आवाज थांबला की दारात येऊन उभा राहायचा. परत सुरू झाला की आत. बोरीची जाळी तर एका दुपारीत गेली. जमीन सपाट केली, मुरूम दाबला, त्यावर ओळीनं पॅनेल.

ढोरं किती दिवस बांधून ठेवणार? कडबा विकत घेऊन गायी पाळणं आमच्याकडं कुणाला जमलेलं नाही. आधी बकऱ्या गेल्या. मग एकेक गाय दोंडाईच्याच्या बाजारात. एक म्हातारी गाय तेवढी उरली, तिला कुणी घेत नव्हतं. गावातल्या इतरांचीही ढोरं अशीच गेली. ज्याची गाय जायची तो बाजारातून येताना भावाच्या दारावरून यायचा, मुद्दाम. नाव त्याच दिवसांत पडलं.

मागच्या हिवाळ्यात मी चार दिवस माहेरी होते. सकाळी अंगणात तिघं बसलो होतो, वहिनी दाळ पाखडत होती. पुण्याहून पोरीचा फोन आला. माझ्या कानाची कुरकुर असते म्हणून मी फोनचा आवाज मोठाच ठेवते.

"अक्का, एक सांगू? हसावं का रडावं कळेना. यंदाचा नकाशा आलाय, दुसऱ्या कुणीतरी केलेला. तुमचा माळ निळा आहे."

"निळा म्हणजे?"

"पाणी! पॅनेल गडद असतात ना, उजेड परत फेकत नाहीत. कॉम्प्युटरला ते तळ्यासारखं दिसतं. कुणी जाऊन बघितलंच नसणार. तुमच्या माळावर आता पाणी आहे म्हणून लिहिलंय."

वहिनीचं सूप थांबलं. मी भावाकडं बघितलं. तो खाली बघत काठीनं मातीत रेघ ओढत होता. मग मान वर करून म्हणाला, "मंग गायले पानी पाजाले लई जाऊ का तठे?"

आणि हसला. कितीतरी दिवसांनी हसला, दात दिसेपर्यंत. वहिनीही हसली, मी हसले, फोनमध्ये पोरगी हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याच आनंदात मी दुपारच्या गाडीनं धुळ्याला आले.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. भाऊ सकाळी म्हाताऱ्या गाईचं दावं सोडून तिला माळाकडं घेऊन गेला होता. कुंपणापाशी उभा राहिला. दुपार झाली तरी तिथंच. पहारेकऱ्यानं विचारलं, आबा, काय पाहिजे? तर म्हणाला, फाटक उघड, गायले पानी पाजानं शे. पहारेकरी परगावचा, त्याला वाटलं थट्टा करतोय. मग वाटलं, थट्टा नाही. त्यानंच माणूस पाठवून वहिनीला बोलावलं. ती गेली तेव्हा गाय बसलेली आणि हा तारेला धरून उभा.

मी विचारलं, "वहिनी, जाताना हसत होता का तो? आठवून सांग."

ती म्हणाली, "मी चुल्हापुढे व्हती. माले त्यानी पाठच दिसनी."